एका विहिरीची दोन आत्मचरित्रं

"मॅडम, गरिबी जरा वाढवा की."

माझ्या कामात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझं पेनही थांबत नाही. मागे एका चादरीच्या व्यापाऱ्याच्या मुलानं अशीच मागणी केली. मी म्हटलं, अहो, तुमच्या आजोबांचं चांगलं चालतं दुकान होतं, तुमच्या वडिलांनीच मला सांगितलंय. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "दुकान राहू द्या. पण शाळेत जाताना पायातल्या चपला काढून टाका." वडील शेजारीच बसले होते. त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. चपला शेवटी राहिल्या.

कंदिलाचं तर विचारूच नका. माझ्या हातून गेलेल्या पुस्तकांवर विश्वास ठेवायचा तर सोलापूर जिल्ह्यातली एक अख्खी पिढी कंदिलाच्या उजेडात शिकली. ज्यांच्या घरी वीज होती तेही ती मालवून कंदील लावत असावेत.

तर मी आत्मचरित्रं लिहिते. दुसऱ्यांची. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो, त्यांचं नाव. आत कुठेतरी बारीक अक्षरात 'शब्दांकन' असं छापून पुढे माझं नाव. कधी कधी तेही राहून जातं. माझी नणंद दर दिवाळीला विचारते, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" मी सांगते, शिंप्याचं काम. कापड त्यांचं, माप त्यांचं, शिवण तेवढी माझी. कोट अंगावर नीट बसला की लोक माणसाला रुबाबदार म्हणतात. शिंपी आठवतो तो काखेत उसवल्यावर.

मी या धंद्यात कशी पडले ते सांगत बसत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शहरातल्या एका प्रेसमध्ये मी टाइप करायला होते. लग्नपत्रिका, स्मरणिका, कार्यअहवाल. एकदा एका निवृत्त ओव्हरसियर साहेबांनी स्वतःच्या आयुष्याचे कागद आणून टाकले. वाक्यं अशी होती की सुरुवात अक्कलकोटला आणि शेवट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माळशिरसला. मी टाइप करता करता ती सरळ केली. साहेबांनी वाचलं आणि खूश होऊन मालकांना म्हणाले, बघा, मी असाच बोलतो. ते तसं मुळीच बोलत नसत. पण त्यांनी आपल्या चार मित्रांना सांगितलं आणि मला नवं काम लागलं.

आमच्याकडे एकसष्टी, पंच्याहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन, हे तीन हंगाम. मुलं कार्यालय ठरवतात, जेवण ठरवतात, आणि आलेल्याला टॉवेल-टोपीबरोबर द्यायला पुस्तक करून घेतात. लोक ते वाचतात का, असं मला नेहमी विचारतात. वाचतात की. घरी गेल्या गेल्या प्रत्येक जण आपलं नाव कुठल्या पानावर आहे ते शोधतो. नाव नसलं तर पुस्तक फार बारकाईनं वाचलं जातं.

माणसाला बोलतं करायचं एक तंत्र असतं. 'तुमचं बालपण कसं गेलं?' असं विचारलं की उत्तर येतं 'खडतर', आणि संपलं. मी विचारते, घरात कोण कुठे झोपायचं? मग घर उघडतं. आजोबा ओसरीवर, चुलता बैलापाशी, आई चुलीजवळ, आणि थोरली बहीण कुठे झोपायची हे आठवत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःच गप्प होतो. विड्या वळून मुलांना शिकवलेल्या एक तेलुगू बाई होत्या. लेकानं त्यांना माझ्यापुढे आणून बसवलं, नवी साडी, हात मांडीवर. तोंडातून शब्द निघेना. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, सूप घ्या मांडीवर, पानं घ्या, वळत वळत बोला. मग ज्या बोलल्या, मराठीतून सुरू होऊन तेलुगूत शिरून परत मराठीत, की मला हसू आणि रडू एकदम येत होतं. आमच्या घरी कन्नड, बाहेर मराठी, शेजारी तेलुगू. ऐकायची सवय मला या शहरानंच लावली.

माझा एक नियम आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी ज्यांची नावं त्यात आहेत त्या घरच्या सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. याला मी घरवाचन म्हणते. हा नियम एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी पडला. त्यांच्या पुस्तकात बदल्याच बदल्या होत्या. आज करमाळा, उद्या सांगोला. मी वाचत होते आणि त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, यात मी कुठे आहे? सर म्हणाले, आहेस की, लग्नाच्या पानावर. "आणि त्यानंतर एवढ्या बदल्यांचं सामान कुणी बांधलं?" त्यांनी शांतपणे विचारलं. सरांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या आठवड्यात बाईंनी मला दोन प्रकरणं सांगितली आणि सरांनी आम्हाला चहा करून दिला. चहात साखर विसरले होते. पुस्तकात तीच दोन प्रकरणं वाचनीय आहेत.

हे सगळं सांगायचं कारण भानुदासअण्णा. टेंभुर्णीचे. आयुष्यभर ट्रक चालवला, मग ट्रक घेतले, आता मुलांचा वाहतुकीचा मोठा धंदा आहे. पंच्याहत्तरीचं पुस्तक करायचं म्हणून थोरला मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. अण्णा उंचेपुरे, आवाज असा की समोरच्या गल्लीत ऐकू जावा. मी माझा झोपण्याचा प्रश्न विचारायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"मी हिरीत उडी मारली, तवाच माझा खरा जलम झाला बाई."

अण्णा तेव्हा शाळेत जाणारे पोर. दुपारची वेळ. धाकटी बहीण इंदू, जेमतेम चालती-बोलती, खेळता खेळता मळ्यातल्या विहिरीत पडली. अण्णांनी मागचापुढचा विचार न करता उडी मारली. खाली हिरवंगार शेवाळ. हाताला तिचे केस लागले, मुठीत धरून तिला पायरीवर आणलं. गावानं खांद्यावर घेतलं पोराला. सांगताना अण्णांनी मूठ वळली होती आणि ती गोष्ट संपेपर्यंत सोडली नाही.

त्यांचं सगळं आयुष्य त्या विहिरीवर उभं होतं. घाटात ब्रेक गेला तरी घाबरलो नाही, कारण विहीर. घरच्यांचा विरोध असताना पहिला ट्रक घेतला, कारण विहीर. दुष्काळात दुसऱ्याच्या टँकरवर फुकट पाणी वाटलं, कारण विहीर. या धंद्यात मी शिकलेली एक गोष्ट आहे: प्रत्येक माणसाची अशी एक गोष्ट असते, ती काढून घेतली तर त्याला आपण कोण ते सांगता येत नाही. बाकी सगळं तपशिलात मोडतं. मी पहिलं प्रकरण मन लावून लिहिलं. अण्णांना वाचून दाखवलं तर ते रडले, आणि चांगलं पैलवानी रडले, टॉवेल लागला.

एका गोष्टीची मात्र मला रुखरुख होती. सबंध पुस्तकात धाकट्या भावाबद्दल एकच वाक्य होतं. 'मला एक धाकटा भाऊ आहे.' मी विचारलं तर अण्णा म्हणाले, हाय, माळशिरसला असतो, बांधावरनं बिनसलं, फुडं चला. 'फुडं चला' म्हटलं की समजावं, पुस्तक तिथेच आहे. पण मीही पुढे चालले.

आणि महिन्याभरात तो धाकटा भाऊ माझ्या दारात उभा राहिला.

नामदेवतात्या. जुन्या काळातले पैलवान, कान मोडलेले, आता ऊस. बरोबर मुलगी, तिकडच्या शाळेत शिक्षिका. पाणी प्यायले, घराकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाले, अण्णाचं पुस्तक तुम्हीच लिहिताय ना? एकाचं दुसऱ्याला सांगत नाही मी. तांब्या-भांडं उचलून बाजूला ठेवलं. तात्या म्हणाले, बोलू नका, मला माहीत आहे. आता माझंही तुम्हीच लिहा. मग त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि सांगायला लागले. दुपारची वेळ, मळ्यातली विहीर, इंदू पडली, त्यांनी उडी मारली, खाली हिरवंगार शेवाळ, हाताला केस लागले. सांगताना त्यांची मूठ वळली होती.

माझं पेन या खेपेला थांबलं.

तात्यांनीच पुढचं सांगितलं. बांधाचं भांडण हे लोकांना सांगायला. खरं बिनसलं ते अण्णांच्या एका नव्या ट्रकच्या पूजेला. नारळ फोडून झाल्यावर अण्णांनी ड्रायव्हर-क्लीनरच्या घोळक्यात विहिरीची गोष्ट सांगितली. तात्या उठून म्हणाले, अण्णा, उडी मी मारली होती. सगळे हसले. अण्णाही हसले. त्या दिवसापासून तात्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही, आणि अण्णांनीही बोलावलं नाही. बहीण इंदू लग्न होऊन सोलापुरात. तिला दोघांनी बांधाचंच कारण सांगितलं.

"बांधाचं काय हो, बांध मोजता येतो," तात्या म्हणाले. "पर ते पुस्तक छापलं की झालं. कायमचं झालं. मग मी कोण ऱ्हायलो? काठावर हुबं राहून बघत बसल्यालं पोरगं."

मुलगी खाली मान घालून बसली होती. मला त्या माणसाची फार दया आली. आणि खरं सांगते, रागही आला. दोन सत्तरी ओलांडलेले बाप्ये, नातवंडांचे आजोबा, एका उडीवरून बोलत नाहीत, आणि आता ती उडी माझ्या गळ्यात पडली होती.

तात्यांचंही काम मी घेतलं, पण दोघांपैकी कुणी खोटं बोलतोय असं मला वाटेना. खोटं मला ओळखू येतं. खोटी गोष्ट दर बैठकीत वाढते. पहिल्यांदा साप, दुसऱ्यांदा नाग, तिसऱ्यांदा त्याच्या डोक्यावर मणी. या दोघांची विहीर दर खेपेला तेवढीच खोल होती. घरी मी आमच्या ह्यांना कोडं घातलं, नावं न सांगता. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "एरडू बावि इद्दवेनो." दोन विहिरी असतील बघ. यांना सेवानिवृत्तीनंतर फार सुचतं.

निवाडा करणं माझं काम नव्हे. पण घरवाचन माझा नियम होता, आणि नियमाप्रमाणे ज्याचा पुस्तकात एका वाक्यापुरताही उल्लेख आहे त्या प्रत्येकाला बोलवायला हवं होतं. मी टेंभुर्णीला फोन करून अण्णांना सांगितलं, तुमच्या भावाला आणि बहिणीला बोलवा. अण्णा म्हणाले, तो येणार असेल तर मला पुस्तकच नको. मी म्हटलं, मग नको. आणि फोन ठेवून दिला. आमच्या धंद्यात कितीही गोड बोलायची रीत असली तरी काही वेळा फोन ठेवावा लागतो.

तासाभरात मुलांचे फोन सुरू झाले. कार्यालय ठरलंय, आचारी ठरलाय, पत्रिका वाटायला गेल्यात, मॅडम तुम्ही असं करू नका. मी असं केलंच. शेवटी अण्णा अटींवर तयार झाले: त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही आणि एका सोफ्यावर बसणार नाही. तात्यांची अट एकच होती. अण्णांचं प्रकरण वाचाल, तसं माझंही वाचा.

जागा ठरली इंदूआक्कांची, जुळे सोलापूर भागातला फ्लॅट, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखा. आक्का बारीक अंगाच्या, झपझप कामाच्या. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की पाणी यायचा दिवस सोडून काय ते ठरवा. काय वाचणार आहे ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांना आधी विचारावं असं मलाही सुचलं नाही. विहिरीत पडलेल्या चिमुरड्या पोरीला काय माहीत असणार, असा माझा हिशेब.

ठरल्या दुपारी सगळे जमले. एका सोफ्यावर अण्णा, त्यांची पत्नी आणि मुलं. समोर खुर्चीत तात्या, शेजारी मुलगी. मध्ये मी, आणि माझ्यापुढे सतरंजीवर आक्का शेंगा फोडत बसलेल्या. भाऊ येणार म्हणून चटणी करायची होती, कूट कमी पडला होता. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

मी अण्णांचं पहिलं प्रकरण वाचलं. तात्यांचा मोडका कान लाल होत गेला, पण आपली पाळी येईतोवर ते खुर्चीतून उठले नाहीत. ते संपल्यावर मी दुसरी फाइल उघडली आणि तात्यांचं पहिलं प्रकरण वाचायला लागले. अर्ध्यावर आले तोच अण्णा उठून उभे राहिले. मुलानं त्यांचा हात धरला. मी वाचत राहिले. तीच दुपार, तेच शेवाळ, तेच केस.

"थांबा बाई," आक्का म्हणाल्या.

त्यांच्या हातातल्या शेंगा केव्हाच थांबल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

"ह्या हिरीवरनं बोलत न्हाई तुमी दोघं? मला तर बांध सांगितला हुता."

आक्कांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे.

"उडी तुमच्यातल्या कुनीच मारली न्हाई. आईनं मारली."

अण्णा उभ्याचे खाली बसले. आक्कांनी सगळं सांगितलं ते आवाज न चढवता, भाजीची कृती सांगावी तसं. आई बांधाला गवत कापत होती. पोरांचा आरडाओरडा ऐकून धावत आली आणि नेसल्या लुगड्यानिशी विहिरीत गेली. इंदूला घेऊन पायरीपाशी आली तोवर ही दोघं पोरं पायऱ्या उतरून छातीभर पाण्यात येऊन उभी होती. तिनं पोरीला आधी थोरल्याच्या हातात दिलं. त्याला पेलेना, म्हणून धाकट्यानं केसाला धरून ओढलं. दोघांनी मिळून तिला वर नेलं. आई मात्र पायरीवर बसून राहिली आणि गावाचा विचार करू लागली. घरची सून विहिरीत उतरली याचा गाव एकच अर्थ काढणार: जीव द्यायला गेली होती. मग सासऱ्याचं नाव, नवऱ्याचं नाव, माहेराचं नाव, सगळं चावडीवर. तिनं लुगडं पिळलं आणि ओढ्याच्या अंगानं वळसा घालून आली, धुणं धुऊन आल्यासारखी. विचारेल त्याला सांगत राहिली, पोरानं काढली. कुठल्या पोरानं? जो जवळ उभा असेल तो. सासरच्या गावात थोरला असायचा, माहेरी जाताना बरोबर धाकटा असायचा. दोन्ही गावांनी आपापला पोरगा खांद्यावर घेतला.

"माझ्या पैल्या बाळंतपणात तिनं मला सांगितलं," आक्का म्हणाल्या. "म्हनली, कुनापाशी बोलू नगं. दोघांच्याबी छातीत त्या हिरीचं बळ हाय, ते काढून घिऊ नगं. म्हनून मी गप. मला काय म्हाईत तुमी त्याच्यावरनंच भांडताय."

मला वाटलं होतं अण्णा आता ओरडतील. त्यांची मूठ अजून वळलेलीच होती. पण बोलले ते तात्या, स्वतःशीच बोलावं तसं.

"ते शेवाळ न्हवतं मग. हिरवं."

"आईचं लुगडं हिरवं हुतं," आक्का म्हणाल्या.

त्या दोन प्रकरणांत शेवाळ मीच लिहिलं होतं, त्यांच्या तोंडून ऐकून, छान विशेषणं लावून. आपल्या बारशाला काय काय झालं ते 'मला चांगलं आठवतंय' म्हणून सांगणारी माणसं मला भेटलेली आहेत, मी त्यांना मनात हसत आले. लहानपणी लोकांनी आपल्याबद्दल जे सांगितलं ते आपण पाहिल्यासारखं आठवत बसतो. पण कुठेतरी कोपऱ्यात डोळ्यांनी पाहिलेलंही राहून गेलेलं असतं, आणि त्याला आपण शेवाळ म्हणतो.

अण्णांच्या पत्नीनं डोळ्याला पदर लावला होता. मग अण्णा सोफ्यावरून पुढे वाकले आणि समोरच्या खुर्चीकडे पाहून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, भावाशी बोलले.

"नामा, आईला पवायला येत हुतं, तुला म्हाईत हुतं का रं?"

"न्हाई अण्णा," तात्या म्हणाले. "मला तर वाटायचं पाण्याचं भ्याव हाय तिला. कदी हिरीच्या काठाला म्हनून हुबी ऱ्हायली न्हाई."

"भीमाकाठची पोर ती," आक्का म्हणाल्या. "लगीन व्हायच्या आदी नदी आरपार करायची. त्या दिसानंतर कदी पाण्यात पाय घातला न्हाई तिनं. कुनी बघंल म्हनून."

ते ऐकून दोन्ही म्हातारे रडायला लागले. अण्णा मागच्या वेळेसारखे मोठ्यानं नव्हे. आईच्या नावानं रडायला त्यांना तसा बराच उशीर झाला होता, पण रडले. तात्यांची मुलगी उठून पाणी घेऊन आली आणि कुणाला आधी द्यावं ते न कळून मध्येच उभी राहिली. मी तिच्या हातातून एक पेला घेतला आणि स्वतःच प्यायले.

थोड्या वेळानं अण्णा माझ्याकडे वळले. आवाज पार उतरला होता. "बाई, जलमभर ट्रक चालवला त्यो ह्याच उडीच्या जिवावर. आता काय सांगू लोकांला, कशाच्या जिवावर चालवला?"

प्रश्न मला होता, उत्तर सतरंजीवरून आलं.

"तिच्या उडीच्या जिवावर चालवलास की," आक्का म्हणाल्या, आणि सूप पुन्हा ओढून घेऊन शेंगा फोडायला लागल्या.

त्या दिवशी चटणी, कडक भाकरी आणि दही, असं आम्ही सगळे सतरंजीवर बसून जेवलो. सोफ्याची अट कुणाच्या लक्षात राहिली नाही. जेवताना मी माझं नेहमीचं काम सुरू केलं. आईला काय आवडायचं? ती कुठे झोपायची? माहेरी तिच्या मैत्रिणी कोण? अण्णा आणि तात्या एकमेकांकडे बघत. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. एवढंच सांगता येत होतं की कष्टाळू होती, प्रेमळ होती, देवभोळी होती. हे तीन शब्द मी कितीतरी पुस्तकांत लिहिले आहेत. आईचा परिच्छेद म्हटला की बोटं आपोआप तिकडे वळतात. आता त्या सगळ्या बायांपैकी कुणाकुणाला काय काय येत होतं कोण जाणे, याची हुरहुर मला अजून वाटते. उत्तरं सगळी आक्कांनी दिली.

पहिलं प्रकरण मी नव्यानं लिहिलं. उडी आईची, खाली पायरीवर दोन पोरं, आणि त्यांच्या हातात जड झालेली बहीण. अण्णांनी ते दोनदा ऐकलं आणि मान हलवली. तात्यांना मी विचारलं, आता तुमचं पुस्तक थांबवायचं का? भांडण तर मिटलं. ते म्हणाले, थांबवता कशाला, दोन पुस्तकांत तिचं नाव येऊ द्या. म्हणून आज सोलापूर जिल्ह्यात अशी दोन आत्मचरित्रं आहेत ज्यांचं पहिलं प्रकरण शब्दाला शब्द सारखं आहे. एका प्राध्यापकांनी ते पाहून मला चोरीबद्दल ऐकवलं. मी म्हटलं, चोरी नव्हे हो, वाटणी.

पंच्याहत्तरीचा कार्यक्रम थाटात झाला. कार्यालय भरलं होतं, फेटे, हार, बँड, सगळं. मुलांनी अण्णांसाठी लांबलचक भाषण लिहून घेतलं होतं, अर्थात माझ्याकडूनच. अण्णांनी ते खिशातून काढलंही नाही. तात्यांना आणि आक्कांना शेजारी बसवून घेतलं, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "माझ्या आईला पवायला येत हुतं." मग विहिरीचं जसं झालं तसं, थोडक्यात, सगळ्यांदेखत सांगितलं आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना. शेवटी वाजल्या, बायकांच्या बाजूनं आधी.

जेवायला मी एका नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी बसले होते. ओळख ना पाळख. समोरच्या रांगेत त्यांचे यजमान जिलेबी वाढून घेत होते. त्यांच्याकडे एकदा पाहून घेऊन बाई माझ्या कानाशी वाकल्या.

"मलाबी येतं बरं का," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या ह्यांस्नी म्हाईत न्हाई."